एक नंबरचा सिलिंडर नेमका कोणता, आणि फायरिंग ऑर्डर १-३-४-२ च का?

प्रश्न असा आहे: चार सिलिंडरची पेट्रोल गाडी मिसिंग करते आहे. स्कॅनर लावला तर पी०३०१ हा कोड आला, म्हणजे एक नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथलं इंधन नीट पेटत नाही. एक मिस्त्री बेल्टकडून मोजतो, दुसरा गिअरबॉक्सकडून, तिसरा म्हणतो ड्रायव्हरच्या बाजूचा तो एक. शिवाय पुस्तकात फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२ दिली आहे. ती सरळ १-२-३-४ का नाही, आणि सगळ्या चार सिलिंडर गाड्यांना हीच असते का?

यात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. सिलिंडरला नंबर कोणत्या टोकापासून द्यायचे हे कंपनी ठरवते. इंजिनाला त्याचं काही देणंघेणं नसतं. फायरिंग ऑर्डर मात्र क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या वरखाली होण्याने फिरणारा दांडा) आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांच्या घडणीतच असते. पुस्तक हरवलं तरी ऑर्डर इंजिन उघडून वाचता येते. एक नंबर कुठला, हे मात्र नुसत्या लोखंडाकडे बघून सांगता येत नाही.

आधी नंबर घेऊ. मॅन्युअलमध्ये ‘पुढचा सिलिंडर’ असं लिहिलेलं असतं तेव्हा ती इंजिनाची पुढची बाजू असते, गाडीची नव्हे. फ्लायव्हील, क्लच, गिअरबॉक्स जिथे जोडलेले ती इंजिनाची मागची बाजू. त्याच्या विरुद्ध टोकाला क्रँकपुली असते, ती पुढची. इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं असो की आडवं, हे बदलत नाही. जर्मन मानक डीआयएन ७३०२१ नेही हीच रीत धरली आहे: ताकद जिथून बाहेर पडते त्याच्या विरुद्ध टोकापासून मोजायचं. टोयोटा, होंडा, सुझुकी, ह्युंदाई, फोक्सवॅगन यांच्या सरळ रांगेतल्या चार सिलिंडर इंजिनांत पुलीकडचा सिलिंडर एक नंबरचा आणि फ्लायव्हीलजवळचा चार नंबरचा.

इथे अपवाद फ्रेंच इंजिनांचा. रेनोची के४एम पेट्रोल आणि के९के डिझेल, प्यूजो-सिट्रोएनची टीयू आणि एक्सयू ही इंजिनं फ्लायव्हीलकडून मोजली जातात. म्हणजे गिअरबॉक्सला चिकटून असलेला सिलिंडर एक नंबरचा. त्यातलं के९के दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्यांतही बसलं आहे, म्हणून बॉनेटवरचा बॅज बघून निर्णय घेऊ नका, इंजिनाचा कोड बघा. तुमचे बेल्टवाले आणि गिअरबॉक्सवाले मिस्त्री बहुधा आपापल्या हाताखालून गेलेल्या गाड्यांवरून बोलत असणार, आणि त्या गाड्यांपुरते दोघेही बरोबर असतील.

‘ड्रायव्हरची बाजू’ हा हिशेब मात्र सोडून द्या. स्टीअरिंग कुठे डावीकडे, कुठे उजवीकडे, आणि इंजिन तर तेच. होंडाच्या जुन्या डी आणि बी मालिकेत बेल्टची बाजू गाडीच्या डाव्या अंगाला होती. २००१ पासून आलेल्या के मालिकेत ती उजवीकडे गेली. एक नंबर दोन्हींत पुलीकडेच, फक्त बॉनेटखाली त्याची जागा बदलली. साबच्या ९९ आणि जुन्या ९०० मध्ये तर इंजिन उलटं बसवलेलं, क्लच रेडिएटरकडे आणि टायमिंग चेन केबिनकडे. तिथे एक नंबरचा प्लग हवा असेल तर हात पार मागे घालावा लागतो.

आणखी एक ठोकताळा बऱ्याच जणांच्या तोंडी असतो: चेन जिथे तिथे एक नंबर. जुन्या इंजिनांत तो चालून जायचा. पण बीएमडब्ल्यूच्या एन४७ डिझेलमध्ये चेन फ्लायव्हीलच्या बाजूला नेली आहे, बी४८ पेट्रोलमध्येही तसंच, आणि सिलिंडर मोजायचे ते पुढूनच. म्हणून आधी फ्लायव्हील कुठे ते शोधा, मग कंपनीची रीत तपासा. चेन, बेल्ट, ऑइलचं झाकण यांच्या खुणेवर जाऊ नका.

आता फायरिंग ऑर्डर. फोर-स्ट्रोक इंजिनात एका सिलिंडरचं पूर्ण चक्र क्रँकच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत होतं. सिलिंडर चार, तेव्हा समान अंतराने ठिणगी द्यायची तर दर १८० अंशांनी एक. कागदावर एकपासून सुरुवात केली तर चार आकड्यांचे सहा क्रम होतात. त्यातले चार क्रँकशाफ्टच बाद करते.

कसे ते बघा. साध्या चार सिलिंडर क्रँकमध्ये १ आणि ४ चे पिन (जिथे कनेक्टिंग रॉड जोडतात) एका बाजूला असतात, २ आणि ३ चे बरोबर समोरच्या बाजूला. १ आणि ४ चे पिस्टन एकदम टॉपला येतात, तेव्हा २ आणि ३ तळाला असतात. एक नंबरला ठिणगी पडली की १८० अंशांनी टॉपला येणार ते २ आणि ३, म्हणजे दुसरी पाळी या दोघांपैकी एकाची. त्यानंतरच्या १८० अंशांना पुन्हा १ आणि ४ वर येतात. एकाचं काम झालेलं आहे, म्हणून चार. मग उरलेला एक. शिल्लक राहतात दोनच क्रम: १-३-४-२ आणि १-२-४-३.

१-२-३-४ हवीच असेल तर क्रँक वेगळी लागेल, १ आणि ३ वर असताना २ आणि ४ खाली ठेवणारी. ठिणग्या तिथेही समान अंतराने पडतील, त्यात अडचण नाही. अडचण हलण्याची आहे. नेहमीच्या क्रँकचा पुढचा अर्धा भाग मागच्या अर्ध्याचं आरशातलं रूप असतो, त्यामुळे पिस्टनच्या वरखाली धावण्याचे मुख्य धक्के एकमेकांना मारतात आणि इंजिन पुढून-मागून डोलत नाही. १-३ आणि २-४ अशा जोड्या केल्या की ही जुळणी मोडते. एक टोक वर खेचलं जातं तेव्हा दुसरं खाली, आणि अख्खं इंजिन सी-सॉसारखं झुलू लागतं. १-२ आणि ३-४ अशा जोड्या केल्या तर आणखी वाईट. म्हणजे फायरिंग ऑर्डर हा ठिणगीचा विषय वाटतो, पण तिचं मूळ तोल साधण्यात आहे.

तरी चार सिलिंडर इंजिन पूर्ण शांत नसतं. कनेक्टिंग रॉड तिरपा होत असल्याने पिस्टन वरच्या अर्ध्या प्रवासात जास्त वेगाने धावतो, खालच्या अर्ध्यात कमी. वरून निघालेले दोन आणि खालून निघालेले दोन एकमेकांना तंतोतंत काटत नाहीत, आणि क्रँकच्या दुप्पट वेगाची एक उभी थरथर शिल्लक राहते. इंजिन जितकं मोठं तितकी ती जास्त जाणवते. मित्सुबिशीने १९७५ मध्ये ‘सायलेंट शाफ्ट’ नावाने आणलेले क्रँकच्या दुप्पट वेगाने फिरणारे दोन बॅलन्स शाफ्ट त्यासाठीच. पुढे पोर्शने ९४४ साठी त्याचं लायसन्स घेतलं. फायरिंग ऑर्डर बदलून ही थरथर जात नाही, कारण ती पिस्टनच्या वजनाची आहे, स्फोटाची नाही.

एक स्पष्टीकरण फार ठिकाणी वाचायला मिळतं: शेजारचे सिलिंडर लागोपाठ पेटू नयेत, उष्णता आणि बेअरिंगवरचा भार वाटला जावा म्हणून १-३-४-२ ठेवतात. सहा-आठ सिलिंडरच्या बाबतीत या बोलण्यात तथ्य आहे. चारमध्ये नाही. बोट ठेवून मोजून बघा: १ नंतर ३, शेजारी नाहीत. ३ नंतर ४, शेजारी. ४ नंतर २, नाहीत. २ नंतर १, पुन्हा शेजारी. १-२-४-३ घेतली तरी दोन वेळा शेजारी येतातच. या क्रँकवर ते टाळणं शक्यच नाही. बेअरिंगचा प्रश्न बेअरिंगनेच सोडवला गेला: एमजीबीच्या इंजिनात १९६४ मध्ये मेन बेअरिंग तीनवरून पाच झाली, ऑर्डर होती तीच राहिली.

शेजारी लागोपाठ येण्याचा त्रास कुठे दिसतो, तर बीएमसीच्या ए-सिरीजमध्ये, म्हणजे मूळ मिनीच्या इंजिनात. तिथे १ आणि २ ला मिळून एकच इनलेट पोर्ट, ३ आणि ४ ला मिळून दुसरा. २ ने ओढून घेतलं की लगेच १ ओढतो, मग बराच वेळ पोर्ट शांत. दोघांना सारखं मिश्रण मिळत नाही, आणि हे इंजिन ट्यून करणारे लोक पिढ्यानपिढ्या त्याच्याशी झगडत आले आहेत. एक्झॉस्टच्या बाजूने मात्र याच क्रमाचा फायदा घेता येतो. ४-२-१ मॅनिफोल्डमध्ये (चार पाइप आधी दोनांत, मग एकात मिळतात) १ चा पाइप ४ ला आणि २ चा ३ ला जोडतात, कारण या जोड्या ३६० अंशांच्या अंतराने धूर सोडतात आणि एकाचा दाब दुसऱ्याच्या वाटेत येत नाही. ट्विन-स्क्रोल टर्बोची विभागणीही हीच.

मग दोनपैकी कोणती? ते कॅमशाफ्टच्या उंचवट्यांवरून ठरतं. १-३-४-२ उलटी वाचा, १-२-४-३ मिळते. यांत्रिकदृष्ट्या एक सरस, एक कमी असं काही नाही. आज सरळ रांगेतल्या गाड्यांत जवळपास सगळीकडे १-३-४-२ आढळेल. दुसरी जुन्या फोर्डमध्ये होती, मॉडेल टी, मॉडेल ए आणि पुढे केंट इंजिनात. गंमत म्हणजे १९७० च्या दशकातल्या फोर्ड कोर्टिनात केंट इंजिनही मिळायचं आणि पिंटो नावाचं ओव्हरहेड कॅमचं इंजिनही. केंटची १-२-४-३, पिंटोची १-३-४-२. एकच गाडी, एकच बॉनेट, ऑर्डर वेगळी. अशा गाडीवर सवयीने वायरी लावणारा फसलाच.

आता मला या विषयात सगळ्यात उपयोगी वाटणारी गोष्ट. १-३-४-२ चे सिलिंडर उलट्या टोकाकडून मोजा: १ चा होईल ४, ३ चा २, ४ चा १ आणि २ चा ३. क्रम झाला ४-२-१-३. एकपासून वाचला तर १-३-४-२. म्हणजे कुठल्याही टोकाकडून मोजलं तरी ऑर्डर तीच! म्हणूनच चुकीच्या टोकाकडून मोजणाऱ्याची चूक पुस्तकातल्या ऑर्डरशी ताडून कधीच पकडली जात नाही. ती कुठे बाधते आणि कुठे नाही, हे इग्निशनच्या प्रकारावर आहे.

डिस्ट्रिब्युटरच्या गाडीत, जिथे फिरता रोटर एकाच कॉइलची ठिणगी पाळीपाळीने प्रत्येक प्लगला वाटतो, ती लगेच कळते. खऱ्या एक नंबरचा प्लग पेटायला हवा तेव्हा ठिणगी चार नंबरला पडते, जिथे एक्झॉस्ट स्ट्रोक संपत आलेला असतो. गाडी चालू होत नाही, कार्ब्युरेटरमधून ढास काढते. नेमकी हीच लक्षणं रोटर १८० अंश उलटा बसला तरी येतात, कारण पुलीवरची खूण दोन फेऱ्यांत दोनदा शून्यावर येते आणि त्यातली एकच कॉम्प्रेशनची असते. कॅपवर वायरी रोटरच्या उलट दिशेने लावल्या तर चित्र निराळं: १ आणि ४ जागच्या जागी बसतात, २ आणि ३ ची अदलाबदल होते. गाडी दोन सिलिंडरवर कशीबशी चालते, जोरात थरथरते आणि फटाके फोडते. गाडी अशी दोनवर चालत असेल तर टायमिंगला हात लावण्याआधी मधल्या दोन वायरी बदलून बघा. रोटर कुठल्या दिशेने फिरतो ते कॅप काढून, इंजिन पान्याने थोडं फिरवून डोळ्यांनी बघावं.

१-४ आणि २-३ अशा दोन कॉइलच्या गाडीत, जिथे जोडीतल्या दोन्ही प्लगना एकदमच ठिणगी मिळते, उलटी मोजणी कळतच नाही. जोडी तीच राहते. १ आणि ४ च्या वायरी आपसात बदला, इंजिनाला पत्ता लागणार नाही. फरक पडतो तो प्लगच्या झिजेत, कारण जोडीतल्या एका प्लगमध्ये ठिणगी मधल्या इलेक्ट्रोडकडून बाहेरच्याकडे जाते आणि दुसऱ्यात उलटी. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या आजच्या गाड्यांत कनेक्टर आपापल्या जागी असल्याने गाडी बिघडत नाही. बिघडतं ते निदान. पी०३०१ मधला शेवटचा आकडा हा कंपनीने दिलेला सिलिंडर नंबर असतो, फायरिंग ऑर्डरमधली जागा नव्हे. पी०३०२ म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर, ‘दुसरा पेटणारा’ नव्हे. तुम्ही टोक चुकलात तर चांगली कॉइल फेकून नवीन बसवाल आणि कोड तिथेच राहील.

पुस्तक नसेल तर ऑर्डर इंजिनावरच कशी वाचायची? टॅपेट कव्हर (व्हॉल्व्हवरचं झाकण) काढा, प्लग काढा म्हणजे क्रँक हलकी फिरेल. क्रँकपुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरवा. पुलीकडून बघता ती बहुतेकांची घड्याळाच्या काट्यांची दिशा. होंडाची जुनी डी आणि बी मालिका उलटी फिरते. टायमिंग बेल्ट असेल तर मागे फिरवू नका. पुलीची खूण शून्यावर आणा आणि एका टोकाच्या सिलिंडरचे टॅपेट हाताने हलवून बघा. दोन्हींत किंचित ढिलाई लागली तर तो कॉम्प्रेशनच्या टॉपला आहे. त्याच वेळी दुसऱ्या टोकाला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटत आलेला आणि इनलेट उघडू लागलेला दिसेल. दिसत नसेल तर एक पूर्ण फेरी द्या. इथून अर्धी फेरी, १८० अंश, पुढे फिरवा आणि मधल्या दोघांकडे बघा. त्यातल्या दोनवर ही मिटत-उघडत अवस्था दिसली तर तीनवर कॉम्प्रेशन आहे, म्हणजे ऑर्डर १-३-४-२. तीनवर दिसली तर १-२-४-३. हायड्रॉलिक टॅपेट असतील तर ढिलाई लागणार नाही. मग कॅमचे उंचवटे कुणीकडे तोंड करून आहेत ते बघायचं.

टॅपेट सेटिंगलाही हीच जोडी कामाला येते. ज्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह मिटत-उघडत असतात त्याच्या जोडीदाराचे टॅपेट सेट करायचे, आणि जोडीची बेरीज नेहमी पाच: १ ला ४, २ ला ३.

पाचचा हा नियम बॉक्सर इंजिनाला, म्हणजे सिलिंडर आडवे आणि समोरासमोर असलेल्या इंजिनाला, लावू नका. सुबारूत १ आणि ३ उजव्या अंगाला, २ आणि ४ डाव्या अंगाला, ऑर्डर १-३-२-४. फोक्सवॅगन बीटलमध्ये १ आणि २ उजवीकडे, ३ आणि ४ डावीकडे, १ आणि ३ गाडीच्या पुढच्या बाजूला, ऑर्डर १-४-३-२. वर क्रँकने बाद केलेले क्रम इथे हजर आहेत, कारण नंबरांची मांडणीच वेगळी आहे. समोरासमोरचे पिस्टन एकदम बाहेर जातात आणि एकदम आत येतात. सुबारूत १-२ आणि ३-४ जोडीदार, बीटलमध्ये १-३ आणि २-४. कुठल्याही समान अंतराच्या चार सिलिंडर इंजिनात जोडीदार शोधायचा तर ऑर्डरमध्ये दोन घरं पुढे जा. हे सगळीकडे जमतं. असमान अंतराची इंजिनं वेगळी. यामाहाच्या २००९ च्या आर१ मोटरसायकलची क्रँक पिन ९०-९० अंशांवर ठेवते आणि ठिणग्या २७०, १८०, ९०, १८० अशा अंतराने पडतात. मोटारीत असं सहसा भेटत नाही.

डिझेललाही हेच सगळं लागू, ठिणगीऐवजी इंजेक्शन एवढाच फरक. बॉशच्या व्हीई प्रकारच्या जुन्या रोटरी पंपावर बाहेर पडणाऱ्या नळ्यांना ए, बी, सी, डी अशी अक्षरं असतात, आणि ती फायरिंग ऑर्डरने लागतात. १-३-४-२ च्या इंजिनात ए गेली १ ला, बी ३ ला, सी ४ ला, डी २ ला. ‘बी म्हणजे दोन नंबर’ समजून नळी वाकवत बसू नका. कॉमन रेलमध्ये बऱ्याच इंजेक्टरांवर कोड छापलेला असतो आणि तो सिलिंडर नंबरनुसार ईसीयूत, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, भरलेला असतो. इंजेक्टर इकडचे तिकडे केले तर कोडही तसेच बदलून भरावे लागतात.

तुमच्या गाडीपुरतं सांगायचं तर पैसे खर्च करण्याआधी एक नंबर कुठला ते गाडीलाच विचारा. इंजिन बंद ठेवून एका टोकाच्या इंजेक्टरचा कनेक्टर काढा. कॉइलचा काढू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याची वाट लावतं. जुने कोड पुसा, गाडी चालू करून थोडा वेळ आयडलवर ठेवा आणि मिसफायरचे आकडे सिलिंडरवार बघा. कनेक्टर काढल्यावरही इंजिनाच्या आवाजात काहीच फरक पडला नाही आणि फक्त पी०३०१ आला, तर हाच टोकाचा सिलिंडर एक नंबरचा आणि तोच आजारी. इंजिन आणखी ढेपाळलं आणि पी०३०१ च्या जोडीला पी०३०४ आला, तर तुम्ही चार नंबरवर आहात, एक नंबर दुसऱ्या टोकाला. इंजेक्टरचा कोडही सोबत येईल, तो परीक्षेचाच भाग, कनेक्टर जोडून पुसून टाका. मग खऱ्या एक नंबरची कॉइल उचलून तीनवर बसवा, तीनची एकवर आणा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल गेली. पी०३०१ च राहिला तर तसाच प्लग बदलून बघा, त्यानंतर इंजेक्टर, आणि तरीही हलला नाही तर कॉम्प्रेशन मोजायला घ्या.